अ‍ॅक्टिव्ह बेस गिटार पॉवर बँकेवर: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

अ‍ॅक्टिव्ह बेस गिटार पॉवर बँकेवर चालतो का? चालतो. पण दुकानातून पॉवर बँक आणली, केबल खोचली आणि वाजवायला लागलो, इतकं सरळ नाही ते. गेल्या गणपतीच्या कार्यक्रमांपासून मी हा उद्योग करतोय. मधे लग्नसराई झाली, घरचा रियाज तर रोजचाच. आता कुठे या विषयावर ठामपणे काही सांगता येईल असं वाटतंय.

आधी हे का करायचं ते. माझ्या बेसला पॅसिव्हचं बटण, म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायची सोय, नाही. आतली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मेली की बेस मुका. शिवाय बॅटरीचा स्विच आउटपुट जॅकमध्येच असतो: जॅक स्टिरिओ, त्याच्या रिंगला (मधल्या कड्याला) बॅटरीची काळी वायर. मोनो केबल खोचली की रिंग आणि स्लीव्ह (ग्राउंडचा भाग) जोडले जातात आणि प्रीअँप, म्हणजे बॅटरीवर चालणारं आतलं सर्किट, चालू होतो. केबल तशीच ठेवून जेवायला उठलात तरी बॅटरी खर्चच होत असते. माझा बेस घरी दिवसभर स्टँडवर, केबल लावलेलाच असतो. आणि कार्यक्रम तालुक्याच्या गावी असला की तिथल्या दुकानात मिळते ती कार्बन-झिंकची, फळीवर कधीपासून पडून आहे देव जाणे. अल्कलाइन मागितली तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो.

बाहेरून वीज द्यायची कल्पना माझी नव्हे. अलेम्बिक कंपनीच्या ‘सीरीज’ नावाच्या बेसना पाच पिनांच्या केबलमधून वेगळ्या पॉवर सप्लायची वीज मिळते. आपण तेच गरिबीत करतोय.

पहिली अडचण अशी आली की पॉवर बँक बंद पडायची. अर्ध्या-एक मिनिटात दिवे विझले, आवाज गेला. बँक बिघडलेली नव्हती. ती फोनसाठी बनवलेली असते. साधारण ५० ते १०० मिलीअँपिअरपेक्षा कमी करंट जात असला की ‘फोन भरला’ असं समजून ती झोपी जाते. मल्टीमीटर लावून पाहिलं तर माझा प्रीअँप दोन मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. ईएमजी कंपनीचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारांचं कंपन टिपणारे) तर प्रत्येकी ०.०८ मिलीअँपिअरवर चालतात. म्हणजे तक्रार वीज अपुरी पडते ही नाहीच. घाऊक व्यापाऱ्याच्या दारात कोणी चिमूटभर हिंग मागायला उभं राहावं, तशी आपली गत आहे. पुढच्या जवळजवळ सगळ्या कटकटी यातूनच निघतात.

काही बँकांमध्ये घड्याळ किंवा इअरबडसाठी ‘लो करंट’ मोड असतो, बहुतेकदा बटण दोनदा दाबून चालू होणारा. तो उत्तम, पण काहींत तो ठरावीक वेळाने, जसं दोन तासांनी, आपणहून बंद होतो. आमचा कार्यक्रम तीन तासांचा. मध्यंतरानंतर बटण दाबायचं लक्षात ठेवायला मला निवेदकाला सांगावं लागलं असतं. म्हणून मी रेझिस्टर लावला. ५ व्होल्टच्या लाइनवर ४७ ओहम, म्हणजे १०६ मिलीअँपिअर. त्यात अर्धा वॉट उष्णता होते, तेव्हा रेझिस्टर २ वॉटचा घ्या. पाव वॉटचा जळेल. दर काही सेकंदांनी करंटचा झटका देऊन बँकेला जागं ठेवणारी छोटी सर्किटंही मिळतात, वीज पुष्कळ वाचते. ऑडिओच्या कामात मी ती लावणार नाही. शांत गाण्यात मागून ‘टक्… टक्…’ ऐकू येण्याची शक्यता कशाला ठेवायची?

आता खरी गोष्ट, आवाजाची. ५ व्होल्टचे ९ करायला बूस्ट मॉड्यूल लागतं. पुण्यात तपकीर गल्लीत एमटी३६०८ चिप असलेलं मॉड्यूल शंभराच्या आत मिळतं. त्यावरचा पिवळा स्क्रू सुरुवातीला कितीही फिरवला तरी काहीच होत नाही, बरेच वेढे उलटे फिरवल्यावर व्होल्टेज हलायला लागतं. हे सगळं बेस जोडण्याआधी, मल्टीमीटर लावून करायचं. जोडल्यावर पहिली तार छेडली तर सूर ठीक, पण मागे बारीक शिट्टी, ट्रेबल वाढवला की किरकिर. ही चिप १.२ मेगाहर्ट्झवर स्विचिंग करते (करंट चालू-बंद करत राहते), तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येणं शक्य नाही. मग हे काय? तर भार फारच हलका असला की चिप सलग काम न करता थांबून थांबून धक्के देते, आणि त्या धक्क्यांची लय थेट कानाच्या टप्प्यात उतरते. पुन्हा तेच, गिऱ्हाईक फार लहान.

उपाय मात्र स्वस्त आहे. मॉड्यूलनंतर पॉझिटिव्ह लाइनमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, आणि त्यापुढे ग्राउंडला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दीड-पावणेदोन हर्ट्झच्या वरचं सगळं त्यात दबत जातं, आणि दोन मिलीअँपिअरला व्होल्टेज घटतं फक्त ०.२. माझी शिट्टी एवढ्यानेच गेली. मॉड्यूल १२ व्होल्टवर ठेवून पुढे ७८०९ रेग्युलेटर (व्होल्टेज ९ वर स्थिर ठेवणारी चिप) लावूनही पाहिलं. तेही झकास, रेकॉर्डिंग करणाऱ्याने तेच करावं. जागरणाच्या कार्यक्रमात ढोलकी आणि ऑक्टोपॅड यांच्या मधे बसलेल्या बेसवाल्याला तेवढं सोवळं परवडत नाही.

मॉड्यूल ठेवायचं कुठे, हेही तितकंच महत्त्वाचं. बॅटरीच्या खोबणीत ते छान बसतं आणि नेमकं तिथेच ठेवू नये, कारण त्यावरची कॉइल पिकअपच्या जवळ येते आणि फिल्टर लावूनही कुरकुर हवेतून आत शिरते. मी मॉड्यूल, रेझिस्टर, कपॅसिटर सगळं एका प्लास्टिकच्या डबीत घालून बँकेसोबत पट्ट्याच्या मागच्या पाकिटात ठेवलंय. तिथून एक बारीक वायर बॅटरीच्या कप्प्यात जाते. बेसला भोक पाडायचं जिवावर आलं, म्हणून मेलेल्या बॅटरीचं डोकं कापून त्याला वायरी जोडल्या आणि ते क्लिपला लावलं. लहान गोल टोक पॉझिटिव्ह, मोठं निगेटिव्ह. डोक्याऐवजी बाजारातली तयार क्लिप वापरणार असाल तर तिच्या लाल-काळ्या वायरी उलट्या पडतात, हे ध्यानात ठेवा. उलटं व्होल्टेज गेलं तर प्रीअँप कायमचा जाऊ शकतो, म्हणून वाटेत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक शॉटकी डायोड टाकलाय. वायर पट्ट्याच्या बटणापाशी टायने आवळली आहे. यूएसबीची पिन जरा हलली तरी मोठ्या स्पीकरमधून जो ‘धप्प’ निघतो, त्यावर साउंडवाले दादा काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

हे सगळं टाळायचा दुसरा रस्ता म्हणजे ट्रिगर बोर्ड. यूएसबी पीडीच्या (पॉवर डिलिव्हरीच्या) बँका मागितले तर स्वतःच ९ व्होल्ट देतात. नखाएवढा बोर्ड ते मागून घेतो. बूस्ट मॉड्यूल नको, डबी अर्धी. (बँक झोपण्याचा प्रश्न इथेही उरतोच.) घरी मी काही दिवस याच्यावर खूश होतो. मग एका लग्नात आमच्या कीबोर्डवाल्याने मोकळं पोर्ट पाहून माझ्या बँकेला आपला फोन लावला. अनेक बँका दुसरं उपकरण जोडताच सगळी पोर्टं ५ व्होल्टवर आणतात. क्षणभर आवाज गेला आणि परत आला तो गळा आवळल्यासारखा, जोरात मारलेला प्रत्येक सूर फाटलेला. पाच व्होल्टवर प्रीअँप जिवंत राहतो, पण सिग्नलला डोकं वर काढायला जागाच नसते. गाणं तसंच संपवलं. त्यानंतर ट्रिगर बोर्ड ड्रॉवरमध्ये आणि बँकेच्या दुसऱ्या पोर्टावर चिकटपट्टी.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: वाजवताना बँक चार्जिंगला लावायची नाही. नुसती बँक तरंगती असते, म्हणजे घरच्या विजेशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे ग्राउंड लूपचा (दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडमुळे होणाऱ्या भुणभुणीचा) प्रश्न येत नाही. दोन पिनांचा चार्जर लावला की त्यातून गळणारा सूक्ष्म करंट बेसच्या ग्राउंडवर येतो, भुणभुण सुरू होते आणि कधी तारांना हात लावल्यावर मुंग्याही जाणवतात. त्याच बँकेवर इफेक्टचं पेडलही चालवायचा विचार असेल तर राउटरसाठी मिळणारी ५ ते ९ व्होल्टची तयार केबल सांभाळून घ्या. तिच्या पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह असतो, बहुतेक पेडलना निगेटिव्ह लागतो.

आता हिशोब, तो गमतीचा आहे. १०,००० मिलीअँपिअर-अवरची बँक म्हणजे आत ३७ वॉट-अवर. बूस्टिंगमधलं नुकसान धरून ३० हातात पडले समजा. त्यातला अर्धा वॉट सतत रेझिस्टर खातो, बेस खातो ०.०१८ वॉट. एका चार्जवर पन्नासेक तास निघतात. उलट ५०० मिलीअँपिअर-अवरची साधी अल्कलाइन बॅटरी दोन मिलीअँपिअरने अडीचशे तासांच्या घरात जाते. पाव किलोचं धूड पट्ट्याला लटकवून मी पन्नास ग्रॅमच्या बॅटरीपेक्षा पाचपट कमी वेळ मिळवतोय! पैसे वाचवायला हे करू नका. अल्कलाइन अडीचशे-तीनशेची, आणि नीट वापरली तर महिनोनमहिने टिकते.

मला फायदा झाला तो घरी. बेस दिवसभर लावलेला असतो, बँक दर तीन-चार दिवसांनी चार्ज करतो, बॅटरीचा विचार डोक्यातून गेला. आणखी एक, ९ व्होल्ट म्हणजे शेवटपर्यंत ९ व्होल्ट. बॅटरी उतरत जाते तसा स्लॅपचा (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याचा) ठोका हळूहळू मऊ पडतो, ते इथे होत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बॅटरी मरताना आधी कुरकुरते, बँक कसलीही सूचना न देता जाते, आणि तिचे दिवे आपल्या पाठीमागे. म्हणून स्टेजवर मी परत अल्कलाइनवर आलोय, ज्या गावी जायचं तिथे मिळेल या भरवशावर न राहता पुण्यातूनच दोन नेतो. ज्यांच्या पट्ट्यावर वायरलेस ट्रान्समीटरसाठी बँक आधीच आहे त्यांचं गणित वेगळं ठरेल, फक्त ग्राउंड एकत्र आल्यावर येणारा आवाज आधी घरी तपासून बघा.

१८ व्होल्टचा प्रीअँप असलेल्यांसाठी: एमटी३६०८ तेवढं आरामात देते. आत दोन क्लिपा सीरीजमध्ये (एकामागून एक जोडलेल्या) असतात. एकीला १८ व्होल्ट द्यायचे आणि दुसरीची दोन टोकं एकमेकांना जोडायची. कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा नको. आणि दोन क्लिपा दिसल्या म्हणून १८ असं गृहीत धरू नका. काही बेसमध्ये दोन बॅटऱ्या पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) असतात, त्या ९ व्होल्टच्याच. क्लिपांवर मीटर लावून आधी खात्री करून घ्या.