ऑइल पेस्टल: तीन डब्यांची गोष्ट

पहिला डबा शाळकरी दर्जाचा. रंग कमी, मेण जास्त. पिवळ्यावर निळा घासला की हिरवा होण्याऐवजी वरचा थर घसरतो आणि खालचा मेणचट चकाकत राहतो. तरी टोक कडक असल्याने कच्च्या रेघांसाठी मी तो टाकलेला नाही.

मधल्या दर्जाचा साकुराचा क्रे-पास एक्स्प्रेशनिस्ट. बोटाने रंग छान मिसळतात, कडाही टिकतात. रोजच्या कामाला हाच.

आणि तिसरा, सेनेलियर या फ्रेंच कंपनीचा! १९४९ मध्ये चित्रकार हेन्री गोएट्झ यांनी कंपनीला पिकासोसाठी हे खडू बनवायची गळ घातली, तिथून यांचा जन्म. हातात घेतला तर लिपस्टिकच. गडद जांभळ्यावर पांढरा ओढला, तर पांढराच उमटला. पहिल्या डब्यातला पांढरा तिथे मळकट राखाडी झाला होता. पण नाजूक रेघ? विसरा. मांजरीच्या मिशा काढायला गेले आणि झाडू झाला. उन्हात तर खडू हातातच लिबलिबीत होतो.

एक मात्र तिन्हींत सारखं: यातलं तेल तैलरंगासारखं वाळत नाही. माझी बाही अजून निळी आहे. चित्र काचेखालीच ठेवा, आणि काच कागदाला टेकू देऊ नका.