सायकल करकरतेय? बीबी बदलायच्या आधी भांडुपच्या या काकांकडे जाऊन या

पेडल मारताना सायकल करकरत असेल आणि कोणी तुम्हाला लगेच "बीबी गेलीय, बदलावी लागेल" (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळातला एक्सल-बेअरिंगचा भाग) असं सांगितलं असेल तर जरा थांबा, पैसे द्यायच्या आधी भांडुप पश्चिमेचं हे दुकान गाठा. दुकान म्हणजे काय, एका शटरची खोली, सगळं काम बाहेर फुटपाथवर, बोर्ड कुठल्यातरी टायर कंपनीचा आणि तोही अर्धा उडालेला, त्यामुळे नाव विचारू नका, सायकलवाले काका कुठे बसतात विचारलं की स्टेशनबाहेरचा रिक्षावालासुद्धा सांगतो.

माझी हायब्रिड आहे (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली), ॲल्युमिनियम फ्रेम, चौकोनी एक्सलची सीलबंद बीबी, म्हणजे काही फार भारीतली नाही. सपाट रस्त्यावर एकदम गप्प, पण पवईकडचा चढ लागला की उजवा पाय खाली जाताना दरवेळी "कट्", आणि मध्येच एक बारीक कुरकुर वेगळीच. आधी एका एसीवाल्या सर्व्हिस सेंटरला दाखवली होती. तिथल्या पोराने सायकल स्टँडला लावली, हाताने पेडल फिरवलं, आवाज काही आला नाही, तरी बीबी, चेन आणि फुल सर्व्हिस असं एस्टिमेट हातात दिलं. अरे पण स्टँडवर आवाज येणार कसा, त्या पेडलवर वजन कुठाय? हा आवाज दोन पार्ट एकमेकांवर जोर पडून किंचित सरकले की होतो, जोरच नसेल तर तो कशाला बोलेल.

काकांनी सायकल हातात घेतलीच नाही आधी. म्हणाले, "चालवून दाखवा, त्या वडाच्या झाडापर्यंत, आणि परत येताना सीटवरून उठून मारा." मग स्वतः बसले, गल्लीत एक चक्कर, मध्येच पेडल थांबवून सायकल नुसती सोडून दिली, मग एकाच पायाने मारली, मग दुसऱ्या. यात सगळं गणित आहे, नीट बघा. पेडल थांबवलं तरी आवाज चालूच राहिला तर चाक, हब, स्पोक असल्या ठिकाणी शोधायचं. उभं राहून मारताना आवाज गेला तर सीट नाहीतर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी. पेडलच्या प्रत्येक फेरीला ठरावीक जागीच आला तर पेडल, क्रँक (पेडलचा दांडा), चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट, बीबी यांच्यातलं कोणीतरी. आणि कान कुठे सांगतोय यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण फ्रेम पोकळ असते, सीटखालचा आवाज नळीतून उतरून बीबीतून आल्यासारखा वाटतो. बिचाऱ्या बीबीवर निम्मे आळ असेच येत असणार.

बीबी त्यांनी तपासली पण, न उघडता. चेन चेनरिंगवरून खाली पाडली, क्रँक हाताने फिरवला आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमवर टेकवून ठेवली. खरखर लागते का ते बोटांना कळतं म्हणे. मग दोन्ही क्रँक धरून आडवे हलवले, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही. "ही अजून चालेल, हिला हात नको," एवढंच बोलले, आणि मला तिथेच हजार-दीड हजार वाचल्याचा आनंद झाला.

मग उजवं पेडल काढलं. आट्यांवर ग्रीसचा पत्ता नाही, काळी किट्टं बसलेली आणि पेडल क्रँकला टेकतं त्या कडेला एक चकचकीत घासलेली रेघ. बोट ठेवून दाखवलंन, "हे बोलतंय." जुन्या बनियनच्या फडक्याने आटे पुसले, क्रँकच्या भोकातून फडक्याची सुरळी फिरवून काढली, ग्रीस लावलं आणि आवळलं. डावंही काढलं, ते उलट्या आट्यांचं असतं, घरी करणारे लोक इथेच चुकीच्या बाजूला जोर लावून आटे घालवतात. क्रँकचे बोल्ट तपासले, डावा थोडा ढिला होता. हे वेळेत केलेलं बरं, कारण चौकोनी एक्सलवर क्रँक ढिला ठेवून चालवत राहिलं तर ॲल्युमिनियमचं भोक मोठं होतं आणि मग कितीही आवळा, तो क्रँक भंगारात.

"कट्" गेला. कुरकुर राहिली. सीटपोस्ट किती वर आहे तिथे पेनाने खूण केली, पोस्ट उपसून काढला आणि सायकल उलटी केली, तर नळीतून तांबूस पाणी गळायला लागलं! पावसात मागच्या चाकाचं पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत उतरतं आणि खाली बीबीपाशी साठतं, मुंबईचा पावसाळा आणि त्यात वरळी सीफेस, मरीन ड्राइव्हची खारी हवा खाणारे असाल तर वर्षातून एकदा तरी हे करून घ्याच. फ्रेम पालथी ठेवून निथळू दिली, पोस्ट पुसून पातळ ग्रीस, सीटच्या रेल्सच्या क्लँपलाही थोडं. बंद.

स्प्रे मारून देत नाहीत हे मला फार आवडलं. डब्ल्यूडी-४० फवारला की थोडे दिवस शांतता, मग परत तेच, आणि डिस्क ब्रेकवर उडाला तर वेगळंच लफडं.

आता तक्रारी. टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना) नाही, सगळं मनगटावर. चौकोनी एक्सलला ते चालून जातं, पण शिमानोच्या टू-पीस क्रँकचे पिंच बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, तिथे मी तरी माझा रेंच घेऊन जाईन. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, वेगळी पेस्ट लागते, ती त्यांच्याकडे नाही. प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेल्या) बीबीवाल्यालाही माझ्यासमोर "माझ्याकडे त्याचं टूल नाही, दुसरीकडे न्या" सांगून परत पाठवलं, हा मात्र मी प्लस पॉइंट धरतो. बिल मिळत नाही. वेळेचं नाव काढू नका, "अर्ध्या तासात" म्हणजे मधे शाळेच्या पोरांची दोन पंक्चर आली की झाला दीड तास, बसायला एक स्टूल आणि त्यावर बहुतेक ट्यूबचे खोके.

पैसे घेतले दीडशे. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत, वर चेनवर एवढं तेल ओतत जाऊ नका म्हणून ऐकवलं.

पाचपैकी साडेचार. सकाळी लवकर जा, दुपारी जेवायला बंद असतं, आणि गणपतीला काका गावी जातात ते लवकर परतत नाहीत, तेव्हा काय करकर असेल ती त्याच्या आत दाखवून घ्या.