इसबगोल की भाकरी? पॉलिप काढल्यानंतरची निवड

माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. त्यामुळे कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या आतड्याच्या तपासणीत, माझ्याही आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) निघाला, तेव्हा फायबर वाढवायला हवं हे कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. प्रश्न एवढाच होता, की ते कशातून घ्यायचं? रोज चमचाभर इसबगोल, की रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि उसळ? मी दोन्ही करून पाहिलंय.

सोयीच्या बाबतीत इसबगोलाला तोड नाही. हॉस्टेल असो की प्रवास, कुठेही जमतं आणि पोट साफ होतं. भाकरीला थापणारे हात लागतात, शिवाय पीठ जुनं झालं की विरी जाते आणि कडा फाटतात.

मला मात्र इसबगोल वेळेपायी नडलं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी असते. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली न जाण्याची शक्यता. म्हणून ते रात्रीवर गेलं. ढवळून लगेच प्यायचं. मध्येच फोन आला की पेल्यात चिकट लगदा. त्यावर आणखी पेलाभर पाणी हवंच, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. झोपताना एवढं पाणी प्यायलं की मध्यरात्री उठणं आलंच. रोजची झोपमोड व्हायला लागली. भाकरीचा असा काही जाच नाही, ती जेवणातच होऊन जाते.

आता पुराव्याचं. युरोपात पॉलिप काढलेल्या लोकांना तीन वर्षं रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल देऊन पाहिलं. 2000 साली निष्कर्ष आले: इसबगोल घेणाऱ्यांपैकी सुमारे 29 टक्क्यांना पुन्हा पॉलिप, न घेणाऱ्यांत 20 टक्के. एका चाचणीवरून त्याला दोषी ठरवू नये, पण मला हे आकडे विसरता येत नाहीत. त्याच वर्षी निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत फळं, भाज्या आणि फायबर वाढवूनही चार वर्षांत पॉलिप कमी झाले नव्हते, हेही सांगायला हवं. मात्र मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत रोज 90 ग्रॅम अखंड, म्हणजे कोंडा न काढलेल्या, धान्यामागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून माझा कौल भाकरीला. सॉसेज-सलामी खात असाल तर आधी ते कमी करा. अशा रोजच्या 50 ग्रॅम मांसामागे हा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी माझं ऐकू नये. ऑपरेशननंतरचे काही आठवडे, केमोमुळे जुलाब होत असताना किंवा आतडं अरुंद झालेलं असताना भाकरी-उसळ बाधू शकते. वडिलांना तेव्हा मऊ भात आणि ताकच सोसायचं. अशा वेळी किती फायबर घ्यायचं हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच सांगतील. आणि भाकरी खा किंवा इसबगोल घ्या, पुढच्या कोलोनोस्कोपीची तारीख चुकवू नका.