पाच ब्लेड की सात? मागच्या दिव्यांसाठी पन्नासची कुठली लेन्स

चवथीचे दिवस सरले की हा प्रश्न मला दरवर्षी दोघं-तिघं तरी विचारतात. सरळ ब्लेडची (ब्लेड म्हणजे लेन्सच्या आतलं भोक लहान-मोठं करणारी पाती) जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स हातात असते, किंवा ओळखीतलं कोणीतरी ती स्वस्तात देत असतं. मागचे दिवे धूसर यावेत, गोल यावेत, जमलं तर त्यांना चांदणीचाही आकार द्यावा, असं मनात असतं. मग आहे त्याच लेन्सपुढे काळा पुठ्ठा लावून भागवायचं, की ती विकून गोलसर ब्लेडची नवी घ्यायची?

मी दोन्ही करून बसलोय. पाच ब्लेडची जुनी पाच-सहा वर्षं वापरली, सात गोलसर ब्लेडची नवी गेली दोन वर्षं. दोन्ही एफ १.८; हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. शार्पनेस, रंग, वजन यात माझ्या डोळ्यांना निवाडा करण्याइतका फरक दिसला नाही, त्यामुळे ते सगळं सोडून देतो. इथे बोलायचंय ते फक्त मागच्या दिव्यांबद्दल. त्याला जाणकार ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे, पण मराठी कानाला तो ऐकून कौलावरचे दोन बोके आठवले तर त्याला इलाज नाही.

लेन्स पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे एफ १.८ वर, तर दोघींत भांडण नाही. ब्लेड बाजूला सरकलेल्या असतात, भोक लेन्सच्या गोल कडेचंच असतं, आणि दूरचा दिवा गोल चकती होऊन येतो. चकतीचा आकार म्हणजे भोकाचा आकार, इतकं हे सरळ आहे. निदान फोटोच्या मधल्या भागात. कडेला गेलात की लेन्सचं नळकांडं तिरक्या किरणांना आडवं येतं आणि चकत्या दोन्ही बाजूंनी दाबल्यासारख्या, लिंबाच्या आकाराच्या होतात. इंग्रजीत त्याला मांजरीचे डोळे म्हणतात. बोक्यांना ते शोभतंही.

भांडण सुरू होतं ते एक पायरी खाली उतरल्यावर. एफ २.२ ला जुनीच्या चकत्यांना कोपरे फुटायला लागतात आणि २.८ ला स्पष्ट पंचकोन. आता कोणी म्हणेल, मग १.८ वरच राहा की. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

कार्तिक पौर्णिमेला गोव्यात सांखळीला, विठ्ठलापूरला, वाळवंटी नदीच्या काठावर त्रिपुरारीचा उत्सव असतो. दिव्यांनी सजवलेल्या नौका नदीत उतरतात, काठावर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी मामी आणि तिची नात पाण्याजवळ बसून दिवा सोडत होत्या, मागे नौका आणि पलीकडच्या काठावरच्या पणत्या. पहिला फोटो १.८ वर घेतला. नातीचा चेहरा लख्ख आला, मामी धुक्यात. दीड मीटरवरून, माझ्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. दोन माणसं एका रेषेत बसवायची तर त्यांना आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं की फोटो गेला. २.८ ला तीच खोली नऊ-दहा सेंटिमीटर होते. म्हणून २.८ केलं, दोघी नीट आल्या.

घरी आल्यावर मामीने फोटो बघितला आणि पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोलली नाही. “हें कितें रे फाटल्यान? दिवे काय नटबोल्ट?” (म्हणजे, हे काय रे मागे?)

मामाने अख्खा जन्म खाणीच्या गॅरेजात काढला. त्याने चष्मा वर करून मोजलं आणि म्हणाला, “नट न्हय. नटाक स कोन आसतात. हे पांच.”

तेव्हापासून मला त्या लेन्सच्या प्रत्येक फोटोत आधी पंचकोनच दिसायला लागले. ते सगळे एकाच दिशेला टोक करून उभे असतात, हे आणखी वाईट. पणतीची ज्योत हलते, नौका हलते, पाणी हलतं, आणि मागे हे शिस्तीत उभे पंचकोन. नाइट क्लबच्या किंवा मांडवीवरच्या रोषणाईच्या फोटोत कदाचित चाललेही असते. पण तेलाच्या दिव्याला कोपरे मला सहन झाले नाहीत. सगळ्यांना तसं वाटेलच असं नाही. माझ्या एका मित्राला ते दिसतही नाहीत, आणि तो माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतो.

खरी अडचण कुठे आहे ती लक्षात घ्या. १.८ वर मधे गोल पण कडेला लिंबं. कडेची लिंबं घालवायला लेन्स थोडी बंद करावी, तर मधे पंचकोन. जुन्या लेन्सला या दोहोंच्या मधली जागाच नाही. सगळ्या जुन्या लेन्स अशा असतात असं मात्र समजू नका. त्याहून जुन्या, हाताने अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) फिरवायच्या काळातल्या लेन्सना ब्लेड भरपूर असत. सोव्हिएत बनावटीच्या ज्युपिटर-९ ला तर पंधरा. पुढे कॅमेरा क्लिक होताना अ‍ॅपर्चर आपोआप, झटकन बंद व्हायला हवं झालं, तेव्हा जितकी पाती कमी तितकं घर्षण कमी. स्वस्त लेन्सच्या वाट्याला पाच आल्या, त्याही सरळ कडेच्या.

आता पुठ्ठ्याकडे येतो, कारण अनेकांचा बेत तोच असतो आणि तो अजिबात वाईट नाही.

लेन्सपुढे भोक पाडलेलं काळं कार्ड लावायचं आणि लेन्स १.८ वर पूर्ण उघडी ठेवायची. मग दिव्याला आकार देणारं भोक ब्लेडचं राहत नाही, तुमच्या कात्रीचं होतं. हिशेब सोपा आहे: पन्नास भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ चं असतं, म्हणजे लेन्सचा डोळा त्या नाण्यापेक्षा केसभर मोठा. तुमची चांदणी, बदाम, पान जे काही असेल ते त्या नाण्याच्या बरंच आत बसलं पाहिजे. मी १५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. त्याहून लहान केलं तर चकतीही लहान होते आणि आकार ओळखू येत नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर हे का जमत नाही याचं उत्तरही इथेच आहे: ५५ भागिले ५.६ म्हणजे दहा मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात चांदणी कुठे कापणार?

माझी युक्ती मात्र चांदणीची नव्हती. मी १८ मिलिमीटरचं साधं गोल भोक पाडलं. पन्नास भागिले अठरा, म्हणजे एफ २.८ ची खोली, आणि चकत्या गोल. पाच ब्लेडच्या लेन्समधून २.८ ला गोल दिवे! मामीला दाखवायला मुद्दाम सांखळीला गेलो. दोन-तीन महिने मला वाटत होतं की नव्या लेन्सचे पैसे वाचले.

चांदणी कापणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या मी चुकून शिकलो. कॅमेरा उभा धरला की कार्डही आडवं होतं आणि चांदण्या कुशीवर झोपतात, तेव्हा कार्ड फिरवता येईल असं बसवा. काही लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं, त्यांच्यावर तर हा छळच आहे. अक्षर कापणार असाल तर ते कॅमेऱ्यामागून सरळ वाचता आलं पाहिजे. मागच्या दिव्यांत ते सरळ उमटतं, पण फोकसच्या अलीकडे एखादा दिवा असला तर त्यात उलटं. आणि दिवा बारीक ठिपक्याएवढा हवा. बेतीला उभं राहून मांडवीपलीकडे पणजीचे कॅसिनो टिपले तर त्या मोठ्या एलईडी पाट्यांच्या चांदण्या होत नाहीत, रंगीत गोधडी होते. आठ डिसेंबरच्या फेस्ताला पणजीच्या चर्चवर लावतात तशा छोट्या बल्बच्या माळा मात्र या कामाला अगदी योग्य. माणूस जवळ, दिवे दूर. एक मीटरवर उभं असलेलं माणूस दोन मीटरवर गेलं की मागच्या चकत्या निम्म्या होतात, मग बदाम आहे की बटाटा कळत नाही.

मग पुठ्ठा का सोडला? आकारात खोट नव्हती. कार्ड लावलं की लेन्स त्या एका भोकाला बांधली जाते. दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे नरकासुराचे पुतळे जाळतात, त्या रात्री रस्त्यावर उजेड क्षणाक्षणाला बदलतो. कधी हॅलोजन, कधी फटाका, कधी नुसता काळोख. काळोखात १.८ हवं तर कार्ड काढा, कार्ड काढलं की खिशात ठेवा, तेवढ्यात पेटलेला नरकासुर कोसळलेला असतो. ऑटोफोकस कमी उजेडात कार्डामागून चाचपडत राहतो. फोटोच्या कोपऱ्यांत काळोखी येते. माझ्या क्रॉप सेन्सरवर थोडी, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमवर जास्तच येईल. आणि आमच्या हवेत ऑक्टोबरातही कार्डशीट संध्याकाळपर्यंत पापडासारखी वाकते. प्लॅस्टिक फाइलचं काळं कव्हर कापलं तेव्हा तेवढी कटकट मिटली. बाकीची राहिलीच.

नवी लेन्स घेतली तेव्हा पहिलाच फोटो २.८ वर काढला आणि मोठा करून बघितला. गोल. कडेची लिंबंही जवळपास गेलेली. मी मोजमाप केलेलं नाही, पण माझ्या अंदाजाने साडेतीन-चारपर्यंत ती चकत्या गोल ठेवते, पुढे हळूहळू सात बाजू डोकावतात. तिथवर मागे तसंही फारसं धूसर राहत नाही. शिवाय ती जुनीपेक्षा जवळून फोकस करते, त्यामुळे एकाच पणतीचा फोटो काढताना मागची पूर्ण रांग मोठ्या चकत्यांची होते. हे मी घेताना मोजलंच नव्हतं, फुकट मिळालं.

गमावलं काय तेही सांगायला हवं. जुनी लेन्स ट्रायपॉडवर एफ ११-१६ ला नेली की प्रत्येक दिव्याला दहा लखलखीत किरण फुटायचे. ब्लेड विषम असल्या की किरण दुप्पट: पाचाचे दहा, साताचे चौदा. पण सरळ कडांचे किरण धारदार असतात, गोलसर ब्लेडचे जरा विरघळल्यासारखे. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ उजळलेला असताना जुन्या लेन्सने काढलेला एक फोटो आहे माझ्याकडे, तसा नवीने येत नाही. दोनदा प्रयत्न केला. जे पंचकोन मला नको होते, त्यांच्याच सरळ कडांमुळे ते किरण येत होते.

स्वस्त एलईडी माळांचं दुःख दोन्ही लेन्सना सारखंच. त्या सेकंदाला शंभर वेळा मिचकावतात. शटर वेगवान ठेवलं तर अर्धी माळ विझलेली येते आणि माणूस लेन्सला दोष देतो. एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवा, प्रश्न सुटतो.

तेव्हा कोणी काय घ्यावं? मुलांच्या वाढदिवसाला बदाम, नाताळात चांदण्या, आकारांचे फोटो, असला खेळ मुख्य असेल तर नव्या लेन्सवर पैसे घालू नका, असं माझं मत. कार्ड लावलं की ब्लेड किती आणि कशा याला काही अर्थच उरत नाही. जुनी लेन्स, कात्री आणि रबरबँड पुरेत. दीपस्तंभ, ट्रायपॉड, लांब एक्स्पोजर हा छंद असेल तर जुनी विकूच नका. पण घरच्या माणसांचे, दोघा-तिघांचे, हलत्या उजेडातले फोटो काढणार असाल आणि मागचा दिवा दिवाच दिसावा असं वाटत असेल, तर मी तरी थोडे पैसे जोडून गोलसर ब्लेडचीच घेईन. घेण्याआधी दुकानात एकदा २.८ वर रस्त्यापलीकडच्या दिव्याचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघा. तुम्हाला कोपरे खटकले नाहीत तर जुनीच बरी, आणि तुम्ही माझ्यापेक्षा सुखी.

माझी जुनी अजून विकलेली नाही. सध्या ती मामाच्या नातीकडे आहे, तिने त्या लेन्सच्या कार्डात शिंगांसकट नरकासुराचं तोंड कापलंय. शिंगं उमटत नाहीत, फारच बारीक आहेत. जाड कर म्हणून सांगितलंय.