दर शंभराला एक कागद वर: 'सॅम्पल प्रिंट' नऊ महिने वापरल्यावर

रत्नागिरीत आमचा छोटा डिजिटल प्रेस आहे. गेल्या वर्षी सेकंडहँड कलर मशीन घेतलं, सोबत फायरी कंट्रोलर (फाइल छपाईसाठी तयार करून मशीनला देणारा संगणक) आणि मोठा स्टॅकर, म्हणजे छापलेले कागद रचून ठेवणारं बंद कपाट. स्टॅकरचं मला फार कौतुक होतं. हजारो कागद गुपचूप आत जाऊन बसतात, मध्ये उठायला नको. पण ते गुपचूपच अंगाशी आलं. पहिल्याच महिन्यात एका स्मरणिकेच्या कव्हरचे 800 कागद लावून मी जेवायला गेलो. परत येऊन दार उघडलं, तर तीनशेव्याच्या आसपासपासून पुढे प्रत्येक कव्हरवर अध्यक्षांच्या कपाळावरून उभी गुलाबी रेघ. कागद 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्ड, म्हणजे जाड आणि महागडा. हिशेब सांगत नाही, अजून पोटात गोळा येतो.

रेघेचं कारण मळलेली चार्जिंग वायर, म्हणजे आतल्या छपाईच्या ड्रमला विजेचा भार देणारी तार. कोल्हापूरहून आलेल्या इंजिनियरने ती पुसली आणि जाता जाता सॅम्पल प्रिंटचं सेटिंग दाखवून गेला. जॉब चालू असतानाच ठरावीक कागदांनंतर मशीन एक जादा कागद छापून वरच्या उघड्या ट्रेवर टाकतं. मध्येच वाटलं तर बटण दाबूनही मागवता येतो.

यातला 'जादा' शब्द महत्त्वाचा. पूर्वी मी मशीन थांबवून गठ्ठ्यातलाच कागद उपसायचो, मग पुस्तकाच्या जॉबमध्ये पान कमी पडायचं आणि बाइंडर शिव्या घालायचा. आता गठ्ठ्याला हात लागत नाही.

किती कागदांनी सॅम्पल काढायचं, यावर मी बरीच डोकेफोड केली. दर दहाला लावलं तर मीटर फिरतो, प्रत्येक सॅम्पलचा क्लिक (मीटरवर मोजल्या जाणाऱ्या छपाईचा खर्च) आपल्याच खिशातून. पाचशेला लावलं तर बिघाड झाल्यावर जवळजवळ अख्खा रिम (500 कागदांचा गठ्ठा) रद्दीत. म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये जेवढं वाया गेलं तरी झोप लागेल, तेवढंच अंतर ठेवायचं. साध्या पुस्तकाला 200, आर्ट पेपरला 100, आर्ट कार्डाला 50.

ऑफसेटवाल्यांची ओके शीटची, म्हणजे मंजूर झालेला नमुना कागद समोर ठेवायची सवय मात्र इथेही सोडायची नाही. गिऱ्हाइकाची सही झालेला कागद टेबलावर, त्याच्या शेजारी सॅम्पल, दोन्ही एकाच ट्यूबखाली. बघायचं ते चेहऱ्यांच्या रंगात आणि फिक्या करड्या पट्ट्यांत. रंग सरकला की आधी तिथे कळतो. मागे पेन्सिलीने वेळ टाकतो.

जुलैत याचा खरा उपयोग झाला. एका पुस्तिकेच्या सॅम्पलवर निळा ठिपका दिसला, खाली पुन्हा, त्याखाली पुन्हा. पट्टी लावली तर दर 94 मिलिमीटरला एक. आत फिरणाऱ्या एखाद्या गोल भागाला डाग पडला की तो दर फेरीला उमटतो. घेर 94, म्हणजे व्यास साधारण 30 मिलिमीटर. फोनवर एवढंच सांगितलं, तर इंजिनियर दुसऱ्या दिवशी नेमका तोच रोलर घेऊन आला. नाहीतर एक फेरी नुसती बघायला, दुसरी भाग आणायला, आणि मध्ये आंबा घाट.

पावसाळ्यात आणखी एक. रात्रभर उघडा राहिलेला रिम दमट होतो, टोनर नीट चढत नाही, गडद भाग खवल्यासारखा दिसतो. पहिलं सॅम्पल तसं आलं की रिम बदलायचा. सेटिंगशी खेळत बसायचं नाही. मी दोन दिवस खेळलो, म्हणून सांगतोय.

तक्रारी आहेत. स्टेपल होऊन येणाऱ्या पुस्तिकांना आमच्याकडे हा पर्याय स्क्रीनवर करडाच राहतो, निवडता येत नाही. दोन सॅम्पलच्या मध्ये एखादाच कागद बिघडला तर कळत नाही. नाव छापायच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा अजून हातानेच चाळावा लागतो. आणि वरच्या ट्रेवर दहा कागद साचले आणि आपण मोबाइलमध्ये असलो, तर मशीन बिचारं काय करणार? पुतण्याला म्हणून मशीनसमोरच्या स्टुलावर बसवतो.

एकाच बाजूने छापलेल्या सॅम्पलची पाठ पेन्सिलीची वेळ सोडली तर कोरी असते. कापून, डिंक लावून रफ पॅड केलेत आणि काउंटरवर ठेवलेत. शेजारचा मेडिकलवाला दर आठवड्याला दोन घेऊन जातो.