प्रोटॉनच्या टकरी वर्गातल्या संगणकावर : ‘पिथिया 8’ या प्रणालीचे परीक्षण

सांगलीतील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला मी कणभौतिकी शिकवतो. क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचे मूलभूत घटक) आणि ग्लुऑन (क्वार्कांना एकत्र बांधणारे कण) यांचा सिद्धांत फळ्यावर मांडताना दरवर्षी एकाच ठिकाणी शिकवणे अडत असे. दोन क्वार्क एकमेकांवर कसे आदळतात याचे गणित विद्यार्थी नेटाने पूर्ण करतात. पण प्रयोगशाळेतल्या शोधकापर्यंत, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणापर्यंत, सुटा क्वार्क कधीच पोहोचत नाही, तेथे पोहोचतात ते पायॉन, केऑन आणि प्रोटॉन यांचे झोत. मधल्या वाटेत काय घडते, हा त्यांचा प्रश्न रास्त असतो आणि फळ्यावर त्याचे उत्तर अपुरेच राहते. ही वाट दाखवण्यासाठी गेली तीन सत्रे मी कणांच्या टकरी संगणकावर घडवून दाखवणारी ‘पिथिया 8’ ही संगणकप्रणाली वापरत आहे.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांच्या कामातून ही प्रणाली उभी राहिली आणि टॉरब्यॉर्न शॉस्ट्रांड यांचे नाव तिच्याशी आरंभापासून जोडलेले आहे. फोरट्रानमधील जुनी आवृत्ती मागे ठेवून सी-प्लस-प्लसमध्ये नव्याने लिहिलेली 8.1 ही आवृत्ती 2007 साली आली. प्रणाली पूर्णपणे मोफत आहे आणि तिचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही उघडून वाचता येतो, ही बाब आमच्यासारख्या वर्गासाठी फार मोलाची आहे. लिनक्सवर ती सहज बसते. आमच्या जुन्या संगणकावर सी-प्लस-प्लसचा कंपायलरच नव्हता, तो आधी बसवावा लागला. त्यानंतर अर्ध्या तासात पहिल्या शंभर टकरींचा आलेख पडद्यावर आला. विंडोज वापरणाऱ्यांनी मात्र आत लिनक्सची सोय करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

या प्रणालीचा मला सर्वाधिक भावलेला गुण म्हणजे टकरीचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येतो. क्वार्कमधून ग्लुऑन बाहेर पडण्याची क्रिया, प्रोटॉनच्या एकाच टकरीत अनेक घटकांच्या जोड्या एकमेकींवर आदळणे आणि शेवटी हॅड्रॉन (क्वार्कांपासून बनलेले प्रोटॉन, पायॉन यांसारखे कण) तयार होणे, या प्रत्येकाला वेगळी कळ आहे. विद्यार्थ्यांना मी प्रथम इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर करायला सांगतो आणि ग्लुऑन बाहेर पडण्याची कळ बंद ठेवतो. पडद्यावर समोरासमोर धावणारे दोनच झोत दिसतात. कळ चालू केली की काही टकरींमध्ये तिसरा झोत उमटतो. 1979 साली हॅम्बुर्गच्या पेट्रा त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) असेच तीन झोत दिसले आणि ग्लुऑनच्या अस्तित्वाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला, हे त्यानंतर सांगितले की वर्गातली शांतता वेगळी असते.

प्रणालीचा गाभा म्हणजे तिच्यातले तारेचे प्रारूप. क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांपासून दूर जाऊ लागले की त्यांच्यातील रंगभाराचे (क्वार्कांना बांधणाऱ्या बलाशी निगडित भाराचे) क्षेत्र सगळीकडे न पसरता एका अरुंद तारेसारखे आवळले जाते, असे हे प्रारूप मानते. येथे मला मिरजेच्या तंबोऱ्याचा आधार घ्यावा लागतो, कारण वर्गात मिरजेची मुले असतातच. तंबोऱ्याची खुंटी पिळत गेले की तारेचा ताण वाढत जातो. क्वार्कांमधील तारेचा ताण मात्र ती कितीही लांबली तरी तेवढाच राहतो आणि साठणारी ऊर्जा लांबीच्या प्रमाणात वाढत जाते. हा ताण एका फेम्टोमीटरला (साधारण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या लांबीला) सुमारे एक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक), म्हणजे सुमारे 16 टन वजनाच्या ओढीएवढा असतो. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा असलेला उसाने भरलेला ट्रक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना प्रोटॉनहूनही बारीक तारेला लागलेल्या या ओढीचा अंदाज येईल. साठलेली ऊर्जा पुरेशी झाली की तार तुटते, तुटल्या जागी नवा क्वार्क आणि नवा प्रतिक्वार्क जन्माला येतात आणि अशा तुकड्यांतून हॅड्रॉन बनतात. ग्लुऑन असेल तर तो तारेला पडलेल्या वाकासारखा असतो: तार क्वार्कपासून ग्लुऑनकडे आणि ग्लुऑनपासून प्रतिक्वार्ककडे जाते, त्यामुळे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या थेट मधल्या भागात कण कमी सापडायला हवेत. 1980 च्या दशकाच्या आरंभी पेट्रावरच्याच जेड प्रयोगात तसे ते कमी सापडले.

तरीही हे प्रारूप आहे, मूळ सिद्धांतातून पायरीपायरीने काढलेला निष्कर्ष नाही, हे वापरणाऱ्याने विसरता कामा नये. 91.2 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेवर आमच्या विद्यार्थ्यांना एका टकरीमागे सरासरी सुमारे 21 विद्युतभारित कण मिळाले आणि सर्न प्रयोगशाळेतील लेप त्वरकावरील मोजमापही तेवढेच आहे, म्हणून ते हरखले. मला त्यांना सांगावे लागले की प्रणालीतील अनेक आकडे त्याच मोजमापांशी जुळवून ठरवलेले असल्यामुळे हा मेळ अपेक्षितच आहे. मग एकाही आकड्याला हात न लावता ऊर्जा 35 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली, तेव्हा सरासरी 13 ते 14 च्या आसपास आली आणि ती पेट्रावरील मोजमापाशी जुळली; ही कसोटी अधिक खरी. या तुलनेपूर्वी इलेक्ट्रॉनमधून आधीच फोटॉन निसटण्याची तरतूद बंद करणे आवश्यक आहे, अन्यथा टकरीची खरी ऊर्जा घटते आणि तुलना फसते.

काही ठिकाणी प्रणाली तिच्या मूळ मांडणीत उणी पडते. 2010 साली सर्नमधील सीएमएस प्रयोगाला प्रोटॉनच्या ज्या टकरींतून फार कण निघतात त्यांत एकमेकांपासून दूर धावणाऱ्या कणांमध्येही दिशेचा मेळ आढळला, आणि 2017 साली तेथल्याच अॅलिस प्रयोगाने अशा टकरींत ‘स्ट्रेंज’ नावाच्या प्रकारचा क्वार्क असलेल्या कणांचे प्रमाण वाढत जाते असे प्रसिद्ध केले. मूळ मांडणीतली पिथिया या दोन्ही गोष्टी दाखवत नाही. शेजारच्या तारा एकमेकींना ढकलतात किंवा एकत्र येऊन जाड दोर बनतात, असे पर्याय तिच्यात पुढे आले आहेत, पण ते वापरणाऱ्याला स्वतः चालू करावे लागतात. प्रारंभिक टकरीचे गणितही बहुतांशी पहिल्या पायरीचेच आहे. त्याहून नेमके उत्तर हवे असेल, तर दुसऱ्या प्रणालीतून तयार टकरी आणून हिला पुरवाव्या लागतात.

8.3 आवृत्तीची माहितीपुस्तिका तीनशेहून अधिक पानांची आहे. ती अतिशय प्रामाणिकपणे लिहिलेली आहे, कोठे सिद्धांत आणि कोठे अंदाज हे ती स्पष्ट सांगते, परंतु पदवीच्या विद्यार्थ्याला ती एकट्याने झेपणार नाही. पदव्युत्तर वर्गासाठी मात्र मी ही प्रणाली निःसंकोच सुचवतो.

सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. यदृच्छ संख्यांची बीजसंख्या (ज्या संख्येपासून संगणक यदृच्छ संख्यांची मालिका तयार करतो ती) प्रणालीत आधीपासून एकच ठरलेली असते, त्यामुळे पाच विद्यार्थ्यांनी पाच संगणकांवर तोच प्रयोग केला तर पाचही आलेख अगदी सारखे येतात. पहिल्या वर्षी मला ती नक्कल वाटली आणि मी मुलांना विनाकारण बोललो. आता प्रत्येकाला वेगळी बीजसंख्या देतो आणि ती प्रयोगवहीत पहिल्या ओळीवर लिहून घेतो.