मावशींसाठी केलेली दोन चिन्हं: विंडोजच्या शटडाउन शॉर्टकटचा सहा महिन्यांचा अनुभव

नारायण पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट. तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक यूपीएस. संध्याकाळी सातला मी मुलाला क्लासहून आणायला निघते, पुढचं सगळं मावशी आवरतात. टायपिंगला त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

विंडोज ११ घातलं आणि स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे आलं. मावशींचा माउस मात्र सवयीने कोपऱ्यातच जायचा. शेवटी कंटाळून त्या कॅबिनेटचं बटण दाबून धरायला लागल्या. मला कळलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण तसं बंद केलं की उघडी फाइल बिघडू शकते.

म्हणून डेस्कटॉपवर दोन चिन्हं केली: 'बंद करा' आणि 'पुन्हा सुरू करा'. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्ता विचारणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत शटडाउन, मग जागा सोडून तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि एस, पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि टी, जागा, आणि शेवटी शून्य. रीस्टार्टसाठी एसच्या जागी आर. नाव मराठीत दिलं तरी चालतं. प्रॉपर्टीजमध्ये चेंज आयकॉन दाबलं की या फाइलला स्वतःचं चित्र नाही असं विंडोज सांगतं आणि चित्रांची यादी पुढे करतं. त्यातलं लाल पॉवरचं चित्र मी 'बंद करा'ला दिलं. दोन्ही चिन्हं दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, शेजारी नको. टास्कबारवरही लावू नका, तिथे एका क्लिकवर काम होतं. डेस्कटॉपवर डबल क्लिक लागतो, तेवढीच सुरक्षितता.

आता टीपुढच्या आकड्याबद्दल, कारण यात मी स्वतः फसले. तिथे जितके सेकंद लिहाल तितक्या वेळाने मशीन बंद होतं. मी आधी साठ लिहिलं होतं. चुकून दाबलं गेलं तर मिनिटभर हातात राहील, असा विचार. एस आणि टीऐवजी तिरकी रेघ आणि ए लिहून 'थांबवा' असं तिसरं चिन्हही केलं होतं. तुळशीचं लग्न उरकलं होतं, पत्रिकांची रांग लागली होती. एका पत्रिकेत आप्तेष्टांची अडतीस नावं मी नुकतीच भरलेली, सेव्ह केलेली नव्हती. मावशींनी शेजारचं समजून माझ्याच मशीनवर 'बंद करा' दाबलं आणि गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला वळल्या. मी फोनवर. मिनिट संपलं आणि फाइल ठेवायची का, हे न विचारताच सगळं बंद झालं. अडतीस नावं पुन्हा टाइप केली.

नंतर नीट वाचलं तेव्हा उलगडलं. टीपुढे शून्याहून मोठा आकडा असला की विंडोज उघडे प्रोग्राम जबरदस्तीने बंद करतं. शून्य असलं तर तशी जबरदस्ती नाही: सेव्ह न केलेलं काम असेल तर प्रोग्राम अडून बसतो आणि आपल्याला रद्द करता येतं. म्हणजे जे सुरक्षित वाटलं तेच धोक्याचं होतं. त्या दिवसापासून तिन्ही मशीनवर शून्य आहे आणि 'थांबवा' काढून टाकलं.

एक फायदा मी धरलाच नव्हता. कधीकधी सकाळी प्रिंटर अडून बसायचा, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की चालायचा. दुरुस्तीला आलेल्या एकाने बोर्ड बदलायला साडेचार हजार सांगितले होते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहिला तर एकोणीस दिवस! रोज रात्री बंद करत होतो तरी. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. स्टार्टमधून बंद केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. या चिन्हावरून मात्र पूर्ण बंद होतं. तेव्हापासून प्रिंटर पहिल्या कागदापासून चालतो. बोर्ड जुनाच आहे.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको. यूपीएस ओरडायला लागला की मावशी आता न गडबडता तिन्ही मशीन दोन मिनिटांत बंद करतात. यासाठी मोफत म्हणून मिळणारं एक सॉफ्टवेअरही मी घालून पाहिलं होतं, त्यात जाहिरातीच फार, दोन दिवसांत काढलं.

तक्रार एकच. तिसरं मशीन जुनं आहे, हार्ड डिस्कवालं. पूर्ण बंद झाल्यामुळे सकाळी सुरू व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. त्याच्या ओळीत एसनंतर तिरकी रेघ देऊन हायब्रिड हा शब्द जोडला, की फास्ट स्टार्टअप परत लागू झालं. प्रिंटर त्या मशीनला जोडलेला नाही, त्यामुळे तिथे चालतंय.